वृद्धाश्रम तपासावा कोणी?



मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या माणसाला ‘दिपोटी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुंबई इलाख्यात 1855 साली सरकारी शिक्षणखाते निघाले आणि त्याच्या पाठोपाठ हा तपासणी करणारा डेप्युटी खेडोपाडी हिंडू लागला. तो येणार अशी वर्दी लागली की शाळा सारवली जाई, फळ्याला काळे फासले जाई, मास्तर धुतलेले धोतर नेसत, आणि वाचनात अडखळणाऱ्या पोरांना त्या दिवसापुरती घरी राहण्याची मुभा मिळे. दिपोटी दोन प्रश्न विचारी, शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ असे लिही आणि पुढच्या गावाला जाई. त्याची आपण पुष्कळ थट्टा केली आहे, आणि ती रास्तही होती. परंतु तो येई म्हणून मास्तर निदान वर्षातून एकदा भीत असे, हेही खोटे नाही.

मला आज त्या दिपोटीच्या एका भावंडाविषयी बोलावयाचे आहे. शाळा, कारखाना, खाणावळ, औषधाचे दुकान, इतकेच काय तराजू आणि मापे, ह्या सर्वांना आपल्याकडे कोणी ना कोणी तपासनीस आहे. म्हातारी माणसे जेथे पैसे भरून राहतात त्या घराचा तपासनीस कोण, हा प्रश्न मात्र मला वयाच्या साठीपर्यंत पडला नव्हता. तो पडला तो घरच्याच एका प्रसंगामुळे.

माझ्या एक मावशी कोथरूड भागातील एका खासगी निवासात होत्या. कोणत्या, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांचा मुलगा परदेशात, सून परदेशात. पैसा दरमहा वेळेवर येत होता आणि आम्ही भाचेमंडळी पंधरवड्याने फळे घेऊन जात होतो. जाताना फोन करून जात होतो, कारण ‘भेटीची वेळ आधी कळवावी’ अशी तेथे पाटीच होती. प्रत्येक वेळी मावशी इस्त्रीच्या पातळात, पावडर लावून, खुर्चीत बसलेल्या असत. एकदा मी न कळवता गेलो. त्या पलंगावर होत्या, खोलीला वास येत होता, आणि त्यांना कुशीवर वळवले तेव्हा पाठीवर हाताच्या पंजाएवढे क्षत दिसले. मावशी म्हणाल्या, “तू बोलू नकोस रे काही. तू जाशील, मला इथंच राहायचंय.”

हे वाक्य माझ्या कानांतून गेलेले नाही. मावशींना आम्ही घरी आणले; पुढे चार महिने त्या आमच्याकडे होत्या. परंतु त्याच आठवड्यात मी एका वकील स्नेह्यांकडे गेलो आणि विचारले की अशा घराचे दार न सांगता ठोठावण्याचा अधिकार कायद्याने कोणाला आहे? त्यांनी कपाटातून एकामागून एक पुस्तके काढली, आणि तास दीड तासाने सगळी पुन्हा कपाटात ठेवली. आज जे मी आपल्यापुढे मांडणार आहे तो त्या दीड तासाचाच विस्तार होय.

वृद्धांना पोसण्याचे कर्तव्य ही काही इंग्रजांनी शिकवलेली गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अनाथ बालके, वृद्ध, रोगी आणि निराधार यांचा सांभाळ राजाने करावा असे सांगितले आहे. आणि ऐपत असून आईबाप, बायकामुले, अज्ञान भाऊ, कुमारी व विधवा बहिणी यांना जो पोसत नाही त्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे. म्हणजे राजाची नजर मुलावर आहे. मुलगा सांभाळीत नसेल तर त्याला पकडावा आणि मुलगाच नसेल तर राजाने सांभाळावे. ह्या दोहोंच्या मधला तिसरा इसम, जो मोबदला घेऊन परक्याचे आईबाप सांभाळतो, तो त्या ग्रंथकाराच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारणच नव्हते. नवल हे की दोन हजार वर्षांनी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही तो नीटसा आलेला दिसत नाही.

पुण्यात वृद्धांसाठी सार्वजनिक घर निघाले ते एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, डेव्हिड ससून यांच्या दानातून. बगदादहून मुंबईस येऊन मोठे झालेले हे यहुदी व्यापारी 1864 मध्ये पुण्यातच वारले. ससून रुग्णालय सर्वांना ठाऊक असते. नव्या पेठेतले त्यांच्या नावाचे अनाथ पंगुगृह, आज ज्याला आपण ‘निवारा’ म्हणतो, ते तितके ठाऊक नसते. त्याच्या नावातला ‘पंगु’ हा शब्द ध्यानात ठेवावा. म्हातारपण ही स्वतंत्र अवस्था म्हणून त्या काळी मोजली जात नव्हती. माणूस अनाथ असला किंवा पंगू असला, तरच तो दानाला पात्र. अशा संस्थांवर देखरेख दात्यांची आणि पंचांची. आणि शहर लहान असल्यामुळे पंच कोण व कसे हे सर्वांना माहीत असे.

इकडे मुठेच्या अलीकडच्या काठी, आपल्या शेजारच्या हिंगण्यास, अण्णासाहेब कर्वे यांनी देखरेखीचा एक निराळाच प्रकार चालविला. 1896 साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम त्यांनी 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर नेला. विधवांना एकत्र ठेवणाऱ्या संस्थेकडे पुण्याचे लोक कोणत्या संशयाने पाहात, हे येथे सांगावयास नको. अण्णासाहेबांनी त्याला तोड काढली ती दार उघडे ठेवण्याची. अहवाल छापावयाचे, पै-पैचा हिशेब द्यावयाचा, येईल त्याला आश्रम दाखवावयाचा. संशय घेणारा समाज हाच त्यांनी आपला दिपोटी केला. मला वाटते, शंभर सरकारी निरीक्षकांपेक्षा हा अधिक कडक होता. पण ही तोड अण्णासाहेबांना साधली, कारण त्यांना लपवावयाचे काही नव्हते. ज्याला लपवावयाचे आहे तो दारावर भेटीच्या वेळेची पाटी लावतो.

आता थोडे विलायतेकडे वळू. कारण आपले पुढचे कायदे तिकडूनच आले. 1834 च्या गरिबांच्या कायद्याने इंग्लंडात ठिकठिकाणी ‘वर्कहाऊस’ झाली. तरुण बेकारांना धाक बसावा म्हणून ती मुद्दाम कठोर ठेवलेली होती; परंतु आत भरती झाली ती म्हातारे, आजारी आणि पोरकी मुले यांची. त्यांच्यावर लंडनहून असिस्टंट कमिशनर नेमलेले होते. ते फिरत, अहवाल लिहीत. असे असता 1845 मध्ये हॅम्पशायरमधील अँडोव्हर येथे असे उघडकीस आले की खतासाठी हाडे फोडण्याच्या कामावर लावलेली माणसे त्या हाडांना चिकटलेले कुजके मांस आणि आतला मगज भुकेपोटी खात होती. वर्कहाऊसचा मुख्य हा वॉटर्लूच्या लढाईतला जुना सार्जंट होता; तो कैद्यांच्या, म्हणजे रहिवाशांच्या, शिध्यातून चोरी करीत असे. ही गोष्ट बाहेर आणली ती निरीक्षकाने नव्हे. स्थानिक मंडळातल्या ह्यू मंडी नावाच्या एका सभासदाने ती आणली, आणि ‘टाइम्स’ पत्राने ती देशभर केली.

तेव्हा निरीक्षकाचे काय झाले? पार्कर नावाच्या त्या असिस्टंट कमिशनरला राजीनामा द्यावयास लावण्यात आले. चौकशीत असे निघाले की काटकसरीसाठी निरीक्षकांची संख्या आधीच कमी केलेली होती आणि एकेकाच्या वाट्याला कोणालाही पेलणार नाही इतका मुलूख आलेला होता. पार्लमेंटच्या समितीने 1846 मध्ये सर्वांवर ठपका ठेवला, आणि पुढच्या वर्षी ते कमिशनच मोडून पार्लमेंटला जबाबदार असे बोर्ड आले. देखरेखीच्या इतिहासात हा क्रम पुनःपुन्हा दिसतो. प्रथम निरीक्षक नेमावयाचे, मग ते महाग वाटू लागले की कमी करावयाचे, मग काही भयंकर उघडकीस आले की उरलेल्यांपैकी एकाला घरी पाठवावयाचे.

अँडोव्हरनंतर शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तेव्हा पीटर टाउनसेंड हा समाजशास्त्रज्ञ इंग्लंड-वेल्समधील 173 वृद्धनिवास स्वतः हिंडून पाहता झाला. त्याचे पुस्तक 1962 मध्ये निघाले. जुन्या वर्कहाऊसच्या इमारती तशाच होत्या, फक्त पाट्या बदललेल्या होत्या, आणि म्हातारी माणसे त्यांतच राहात होती.

आपल्याकडे देखरेखीचे पहिले पक्के कलम सापडते ते वेड्यांच्या इस्पितळासंबंधी. 1912 च्या लुनसी कायद्यात प्रत्येक इस्पितळासाठी निदान तीन ‘व्हिजिटर’ नेमावेत, आणि त्यांतील दोघांनी, एक डॉक्टर असावा अशा रीतीने, महिन्यातून एकदा तरी मिळून पाहणी करावी असे ठरविले होते. येरवड्याचे इस्पितळ चांगले होते की वाईट हा निराळा प्रश्न. परंतु महिन्यातून एकदा बाहेरचा माणूस आत जाणार, हे कायद्यात होते. वेड्याला मिळालेला हा हक्क शहाण्या म्हाताऱ्याला मिळाला नाही.

स्वातंत्र्यानंतरची दहा-बारा वर्षे ह्या बाबतीत फार महत्त्वाची आहेत. त्या काळात एकामागून एक असे चार कायदे झाले. त्यांतला कोणताही वृद्धांना शिवून गेला असता तर आज मला बोलावयाचे कारण पडले नसते.

पहिला 1949 चा मुंबईचा नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा. हा इंग्लंडच्या 1927 च्या कायद्याचा धाकटा भाऊ. आजार, इजा किंवा ‘इन्फर्मिटी’ असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्याची जागा, ती नर्सिंग होम, अशी त्याची व्याख्या. ‘इन्फर्मिटी’ म्हणजे शरीराची दुर्बलता, विकलता. माझ्या वकील स्नेह्यांनी ह्या शब्दावर बोट ठेवले तेव्हा मला वाटले, सापडले! मावशींची विकलता कोण नाकारील? परंतु ते म्हणाले, पुढे वाचा. विकलतेबरोबर उपचार आणि शुश्रूषाही पाहिजे. निवासाचा चालक म्हणणार, आम्ही उपचार करीत नाही. आम्ही जेवण, राहणे आणि मदतनीस देतो. आंघोळ घालणे ही शुश्रूषा की मदत? कुशीवर वळवणे हे उपचार की माणुसकी? नोंदणी झाली असती तर आरोग्य अधिकाऱ्याला वाजवी वेळी आत शिरून जागा तपासता आली असती. सगळा प्रश्न त्या दोन शब्दांच्या उंबऱ्यावर अडतो. मजा अशी की माहितीपत्रकात हेच चालक ‘चोवीस तास शुश्रूषा’ असे ठळक अक्षरांत छापतात.

दुसरा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा. ह्याने धर्मादाय आयुक्त आले, हिशेबतपासणी आली, संस्थेची जागा व दप्तर पाहण्याचा अधिकारही आला. देवस्थानापासून वाचनालयापर्यंत सर्वांना ह्या कायद्याने शिस्त लावली, ह्यात संशय नाही. परंतु त्याची नजर मिळकतीवर आहे. ताळेबंद जुळला की तो संतुष्ट. रात्री दोन वाजता घंटा वाजवली तर कोण येते, हे ताळेबंदात दिसत नाही. शिवाय निवास जर विश्वस्त संस्थेचा नसून कोणा एकाच्या मालकीचा किंवा कंपनीचा असेल, तर हा कायदा त्याच्या वाटेला जातच नाही.

तिसरा 1956 चा स्त्रिया व मुले यांच्या संस्थांना परवाना लावणारा केंद्राचा कायदा, आणि चौथा 1960 चा अनाथालये व इतर धर्मादाय गृहे यांच्यावर देखरेख व नियंत्रण ठेवणारा. हा चौथा वाचताना मला खरोखर हळहळ वाटली. नियंत्रण मंडळ, मान्यतेचा दाखला, तपासणीचा अधिकार, दाखला काढून घेण्याची तरतूद, जे जे हवे ते सर्व त्यात घातलेले होते. नाव तर ‘इतर धर्मादाय गृहे’ असे ऐसपैस. पण व्याख्येत शिरले की कळते, गृह म्हणजे स्त्रिया किंवा मुले यांच्यासाठी चालविलेले. विधवांची घरे त्यात नावानिशी घातली होती. म्हणजे विधवा आत आणि विधुर बाहेर! ज्या काळी हे लिहिले गेले त्या काळी म्हातारा पुरुष घरातच मरतो, हे इतके गृहीत होते की कोणाला तो आठवलाच नाही. ह्याबद्दल त्या कायदेकारांना दोष देण्यात अर्थ नाही. 1960 साली कोथरूड हे शेतांचे गाव होते.

1961 च्या जुलैत पानशेत फुटले, पेठांतली माणसे नदीपलीकडे सरकू लागली, आणि पुढच्या तीसेक वर्षांत मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, भुसारी कॉलनी अशी एकेक वसाहत उठली. तेथल्या मुलांनी शिक्षण घेतले आणि ती गेली. ह्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. ती जावीत म्हणूनच आईबापांनी पोटाला चिमटा घेतला होता. उरले ते दोन-तीन खोल्यांचे घर, गुडघे, आणि दोन माणसे. त्यांतले एक गेले की एक.

सरकार ह्या काळात अगदी स्वस्थ बसले असे नाही. 1963 मध्ये राज्य सरकारने स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना दरडोई अनुदान देण्याची योजना काढली. पुरुषाला साठ वर्षे, बाईला पंचावन्न. जेथे अनुदान तेथे समाजकल्याण खात्याची तपासणी आली. 1995 मध्ये ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना आली. शंभर माणसांचे घर, निम्मी जागा गरिबांना मोफत आणि निम्मी माफक शुल्क देणाऱ्यांना. आपल्या जवळचे घर कर्वेनगरात, राजाराम पुलाच्या बाजूला आहे. ह्या दोन्ही योजनांत सरकार तपासते ते आपला पैसा कोठे गेला हे. पैसा आपला नसेल तर ते डोकावत नाही. मावशींचा पैसा त्यांच्या मुलाचा होता.

मग 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आला. महाराष्ट्रात तो 2009 पासून अंमलात आहे. ह्याविषयी बोलताना पुष्कळांचा आवाज भरून येतो, आणि काही अंशी ते योग्य आहे. प्रांतसाहेबांपुढे साधा अर्ज करून मुलाकडून निर्वाहखर्च मागता येतो, आणि आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण पाहा, नजर पुन्हा मुलावरच! कौटिल्याचे बारा पण नव्या नाण्यात आले. वृद्धाश्रमांसंबंधी त्यात एक कलम आहे, एकोणिसावे. राज्य सरकारने जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे घर काढावे, आणि त्याच्या व्यवस्थेची योजना ठरवावी. इंग्रजीत तेथे ‘शॅल’ नसून ‘मे’ आहे. म्हणजे काढले तर काढले. केंद्राच्या नमुना नियमांत झोपण्याच्या जागेचे माणशी साडेसात चौरस मीटर असे मापही दिलेले आहे, आणि जिल्हाधिकाऱ्याने वृद्धाश्रमांवर लक्ष ठेवावे असेही म्हटले आहे. हे सर्व निराधारांच्या सरकारी घरासाठी बेतलेले. बंगला भाड्याने घेऊन दहा खाटा टाकणाऱ्याने आधी परवाना घ्यावा, असे त्या कायद्यात कोठेही नाही. 2018 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावे लागले की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत ह्याची माहिती राज्यांकडून गोळा करा. जे मोजलेलेच नाही ते तपासणार कसे?

कायदा नसला की काय होते ह्याचे टोकाचे उदाहरण तमिळनाडूतील एरवाडीचे. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे तेथल्या मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण गेले. 1987 चा मानसिक आरोग्याचा कायदा तेव्हा पुस्तकात होता. पुढे 2017 च्या नव्या कायद्याने अशा संस्थांची नोंदणी अधिक पक्की केली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवणारे घर त्या जाळ्यात येऊ शकते. एकूण आपल्याकडे म्हातारा विसराळू झाला तर त्याला थोडे संरक्षण आहे. शुद्धीवर असेल तर नाही.

येथे कोणी म्हणेल, निरीक्षक आले की लाच आली, हप्ते आले. चांगल्या संस्थांना छळ आणि वाईटांना दाखला. ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. ह्याच कोथरूडात माणुसकीने चाललेली घरे मी पाहिली आहेत. तेथल्या बाई पहाटे पाचला उठून स्वतः डबे भरतात आणि नफा म्हणाल तर त्यांच्या हातात महिनाअखेर काही उरत नाही. त्यांच्यावर तीस रकान्यांचे तक्ते लादले तर त्या घर बंद करतील. आणि निरीक्षण असूनही डोळे मिटलेले राहू शकतात. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे मतिमंदांचे इस्पितळ होते. नोंदणी, निरीक्षण, सर्व यथासांग. तेथल्याच एका परिचारकाने नियामक मंडळाला लेखी कळविले, तरी दखल घेतली गेली नाही. अखेर 2011 मध्ये बीबीसीने चोरून चित्रण केले तेव्हा छळ जगाला दिसला.

तरीही दिपोटी असावा की नसावा हा प्रश्न ह्याने सुटत नाही. दिपोटी कसा यावा हा सुटतो. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने शुश्रूषागृहांची पाहणी फार तर पंधरा महिन्यांच्या अंतराने, आणि न कळवता, व्हावी असे ठरविले. इतकेच नव्हे तर पाहणीची आगाऊ वर्दी देणाऱ्याला दंड सांगितला. आपल्या मास्तरांची सारवासारव त्या कायदेकारांना चांगली ठाऊक असावी! रहिवाशाशी एकान्तात बोलावे, अहवाल लोकांना वाचावयास मिळावा, हेही आले. मात्र ज्याला तिकडे ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणतात, शुश्रूषागृहाच्या अलीकडची पायरी, तिथे हा मध्यवर्ती कायदा पोहोचत नाही. ते ज्या त्या राज्यावर सोपविले आहे, आणि राज्याराज्यांत महदंतर आहे. आपली मुले तिकडे आहेत. त्यांना विचारून पाहावे.

आपल्याकडे 2019 च्या डिसेंबरात ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत आले होते. त्यात प्रथमच खासगी असो वा सरकारी, वृद्धनिवासाने नोंदणी केली पाहिजे, किमान दर्जा पाळला पाहिजे, असे स्वच्छ म्हटले होते. ते स्थायी समितीकडे गेले. समितीचा अहवाल 2021 मध्ये आला. नंतर विधेयक चर्चेस येण्याची वाट पाहात पडून राहिले, आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा त्याच्याबरोबर तेही गेले. त्याच 2019 साली केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या वसाहतींसाठी मार्गदर्शक नमुना काढला होता. त्यात जिन्याची उंची, कठडे, चाकाच्या खुर्चीचा उतार हे सारे आहे. इमारतीचा विचार झाला, आतल्या माणसाचा राहिला.

मावशी आमच्याकडे आल्यावर मी त्या निवासात त्यांचे सामान आणावयास गेलो होतो. कचेरीच्या टेबलावर पाहुण्यांसाठी अभिप्रायांची वही होती. सहज चाळली. तीन पानांमागे माझेच अक्षर सापडले. तारीख होती दोन महिन्यांपूर्वीची, आणि खाली मी लिहिले होते : ‘व्यवस्था समाधानकारक आहे.’